गाडी ओढते, नाही का?

“तुम्ही नेहमीच एवढे गंभीर असता, की ही कंपनीची सक्ती आहे?”

प्रश्न माझा नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या दाराबाहेर उभं राहून, एकमेकींना कोपरांनी ढोसत, तो माझ्या दोन मैत्रिणींनी रचला होता. एक चिमटी. तिचं बोलणंच चिमट्यासारखं, म्हणून. दुसरी ढगी, जिच्या डोळ्यांतून कधी पाणी येईल सांगता येत नाही. “वादविवादात ढाल आणलीस ना?” चिमटी म्हणाली होती. “मग त्या काउंटरवरच्या मुलाला हे विचारून दाखव. नाहीतर ढाल परत कर.”

ढालीच्या आधीची मी म्हणजे वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही घाम फुटणारी मुलगी. पण स्टेजवर एकदा आवाज सापडला आणि मग तो आत जायलाच तयार होईना. आई म्हणायची, “आता हिला बंद करायचं बटण कुठाय ते शोधा कुणीतरी.” तर मी गेले सरळ आत, काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं.

तो फोनवरचं बोलणं नुकतंच संपवत होता. रिसीव्हर त्याने दोन्ही हातांनी खाली ठेवला, झोपलेलं मांजर ठेवावं तसा. मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

कसं सांगू… लोक आपल्याकडे बघतात म्हणजे आपल्या दिशेने बघतात. हा मुलगा बघत होता ते माझे डोळे, माझे ओठ, काउंटरवरचे माझे हात, सगळं एकदम, जणू यातलं काहीतरी निसटलं तर माझं म्हणणं अर्धवट राहील. इतकं नीट माझ्याकडे दाताच्या डॉक्टरांशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं.

“सक्ती आहे,” तो म्हणाला. “रविवारी हसतो मी.”

मागे दाराशी चिमटीचं खिदळणं ऐकू आलं.

“आणि… आज वार कोणता?”

“गुरुवार, मॅडम.”

“मॅडम कोणाला म्हणतोस? गणवेशात आहे मी! आणि तूही आमच्याच शाळेचा आहेस. मैदानापलीकडच्या तंत्रशाखेत. बारावीलाच ना?”

“काउंटरच्या या बाजूने सगळे मॅडम आणि सर,” तो म्हणाला. पण ओठाचा एक कोपरा… अगदी किंचित… रविवारकडे सरकला. खिशावरच्या बिल्ल्यावर नाव नव्हतं, नुसतं ‘प्रशिक्षणार्थी’. चिमटीने बाहेर पडल्या पडल्या त्याचं ‘प्रशि’ करून टाकलं.

मी तिथे खरं तर बाबांच्या गाडीसाठी आले होते. बाबा गाडी चालवायला शिकवतात. आमच्या गाडीच्या टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी आहे आणि आत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक. ती गाडी आमचं दुकान, आमचं शेत, आमचं ऑफिस, सगळं तीच. बाबांनी फोनवर तक्रार सांगून ती सकाळी तिथे सोडली होती आणि शाळेच्या वाटेवरच पडतं म्हणून मला म्हणाले होते, झाली का विचारून ये.

“ती दोन ब्रेकवाली?” त्याने विचारलं. “झाली.” आणि बिल छापून माझ्यासमोर सरकवलं.

खालचा आकडा वाचून मी आधी हसले. मला वाटलं, हा सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर आहे.

तो हसला नाही. “क्लच पूर्ण नवीन बसवलाय,” तो हळूच म्हणाला. “गाडी ओढत नाही अशी तक्रार होती.”

*

बाबा दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आले. त्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारातच एक फेरी फिरवली, स्टिअरिंगवरून अलगद हात काढले, आणि गाडी निमूटपणे डावीकडच्या कुंडीकडे निघाली. अगदी आधी जायची तशीच.

“हे बघा!” बाबा खाली उतरून म्हणाले. “मी हे सांगितलं होतं! गाडी ओढते!”

तिथल्या मॅनेजर मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांना आम्ही तिघींनी ‘स्टेपलर’ नाव ठेवलं, कारण प्रत्येक वाक्य त्या खट्कन मिटायच्या. “तुम्ही सांगितलंत, गाडी ओढत नाही. ओढत नाही म्हणजे पिकअप नाही. पिकअप नाही म्हणजे क्लच बघायचा. क्लच बघितला, झिजला होता, तुम्हाला फोन केला. तुम्ही ‘बदला’ म्हणालात. बदलला.”

“मी शिकाऊंच्या परीक्षेत उभा होतो! मला वाटलं, काहीतरी लहानसहान असेल!”

“ते आम्हाला कसं कळणार?”

“पण ओढते आणि ओढत नाही हे एक आहे का? एक गाडी बाजूला खेचते, दुसरीला जोर नाही! मी एवढी वर्षं गाडी शिकवतोय, मला माझी तक्रार सांगता येत नाही?”

“आणि आम्हाला ऐकता येत नाही?” खट्.

काउंटरमागे प्रशि उभा होता. तक्रारीचा पहिला फोन त्यानेच घेतला होता. मॅडमनी त्याला विचारलं, “तू काय ऐकलंस?” तो म्हणाला, “गाडी ओढत नाही.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला बाबांचे डोळे पाहवेनात. ज्याला खोटारडं ठरवलं जातंय आणि ज्याला ओरडताही येत नाही, अशा माणसाचे डोळे होते ते.

बिल भरल्याशिवाय गाडी मिळणार नव्हती. बाबांनी मित्राची गाडी उसनी आणली, पण तिला जादा ब्रेक नव्हता. दोन शिकाऊ बायका दुसऱ्या क्लासकडे गेल्या. घरी जेवताना बाबा म्हणाले, “जाऊ दे. कर्ज काढून भरून टाकू. कोर्टकचेऱ्या करायला आपण काय…” आणि वाक्य पुरं न करता भात कालवत बसले.

“मी भांडते,” मी म्हणाले.

“तू?”

“ढाल कोणाकडे आहे?”

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला सुई लावते, त्यामुळे कुठे टोचायचं आणि कुठे नाही हे तिला बरोबर कळतं. ती एवढंच म्हणाली, “भांड. पण बिलाशी भांड, माणसांशी नको.”

*

म्हणून मी रोज शाळा सुटली की तिथे जाऊन बसायला लागले. काउंटरसमोर ग्राहकांसाठी एक निळा सोफा होता. मी त्यावर दप्तर ठेवायची, स्टेपलर मॅडमना रोज एक नवा मुद्दा ऐकवायची, त्या रोज “वरून उत्तर येईल” म्हणायच्या, आणि मग मी गृहपाठ काढायची. वरून उत्तर येईना. पण समोरून, मशीनमधून भरलेला कॉफीचा कागदी पेला यायचा.

“ग्राहकांसाठी मोफत,” तो म्हणायचा.

“मी ग्राहक कुठे? मी तक्रारदार.”

“तक्रारदारांसाठी साखर जास्त.”

मला त्याचा राग यायला हवा होता. त्याच्याच एका वाक्यामुळे माझे बाबा खोटे ठरले होते. मी मनात रागाची तयारी करूनच यायची, दारात पोचेपर्यंत तो टिकायचाही… मग तो रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा, आणि माझे सगळे मुद्दे वहीतल्या वहीत राहायचे.

“तू असं का बघतोस?” एकदा मी विचारूनच टाकलं.

“कसं?”

“म्हणजे… सगळं.”

त्याने कॉलर नीट केली. त्याचा शर्ट नेहमी अंगावर असा बसलेला असायचा, जणू त्याच्यावरच शिवलाय. तसा तो शिवलेलाच होता, हे मला तेव्हा कळलं. “माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “दोघांनाही. जन्मापासून. कपडे शिवतात ते. आमच्या घरी बोलायचं तर बघावं लागतं. मान वळवली की वाक्य तुटतं.”

ढालवाली मी, कॉफीचा पेला उगाच गोल फिरवायला लागले.

“त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही हं,” तो म्हणाला. “भांडण झालं की आई दिवा मालवते. विषय बंद. बाबांना अंधारात उत्तर देता येत नाही.”

मी खदखदून हसले. तोही हसला. वार बुधवार होता.

मग त्याने मला त्यांच्या घरच्या खुणा शिकवायला सुरुवात केली, मॅडम आत गेल्या की, काउंटरवरून. ‘मी’ आणि ‘तू’ सोपं, नुसतं बोट. ‘गाडी’ म्हणजे दोन मुठी, हवेतल्या स्टिअरिंगवर. ‘ओढणं’ म्हणजे हवेतली दोरी आपल्याकडे घ्यायची. ‘आवडणं’ म्हणजे छातीवर मिटलेली मूठ ठेवायची आणि ती हळूहळू उघडायची, आत पाखरू असल्यासारखी.

“आणि ‘नाही’?”

त्याने हात झटकला, बोटांवरचं पाणी उडवावं तसा. “पण ते शेवटी येतं. आमच्याकडे ‘नाही’ नेहमी शेवटी. ‘मी, भात, आवड…’” त्याची मूठ छातीवर उघडली, तो क्षणभर थांबला, आणि मग हात झटकला. “कळलं? शेवटपर्यंत बघत राहावं लागतं. शेवटचं ‘नाही’ आलं की आधीचं सगळं पुसलं जातं.”

“बाप रे. म्हणजे कुणी कुणाला प्रेमाबिमाचं सांगत असेल तर…”

“तर जीव टांगणीला,” तो म्हणाला, आणि एकदम फोनकडे वळला, जो वाजलाच नव्हता.

घरी जाताना ढगीने विचारलं, “भांडण कुठवर आलं?” मी म्हटलं, “वाढतंय.” चिमटीने माझ्याकडे तिरपं बघितलं. “गालांवरून तरी तसं वाटत नाही,” ती म्हणाली.

*

ज्या दुपारी सगळं उलगडलं त्या दुपारी मी बाबांची नक्कल करत होते. वाईट हेतूने नव्हे. मला त्याला हसवायचं होतं. त्याचा रविवार मी हळूहळू आठवडाभर पसरवायला घेतला होता.

“काल काय झालं,” मी बाबांसारखी मान तिरकी करून म्हटलं, “मी घरात आलो नाही का, तर आई म्हणते दूध आणलंत का. मी म्हटलं, अगं, मी दुकानात गेलो नाही का, तेव्हाच…”

“थांब,” तो म्हणाला. “ते दुकानात गेले, की नाही गेले?”

“गेले रे!”

“मग ‘नाही’ का म्हणालीस?”

“अरे, ते ‘नाही’ म्हणजे नाही नव्हे! ते नुसतं… शेपूट आहे. बाबांच्या प्रत्येक वाक्याला असतं. ‘पाऊस पडला नाही का,’ ‘मी जेवलो नाही का.’ आम्हाला आता ऐकूही येत नाही ते.”

तो हसला नाही. हातातला कॉफीचा पेला त्याने काउंटरवर ठेवला, अगदी सावकाश.

“पण इथे आले होते तेव्हा ते असं एकदाही बोलले नाहीत.”

“कारण तेव्हा रागावले होते. रागात बाबांचं शेपूट गळून पड…” आणि मी थांबले.

फोन केला तेव्हा बाबा रागावलेले नव्हते. फोन केला तेव्हा ते नेहमीचे बाबा होते.

प्रशिने डोळे मिटले. मग बाबांच्या आवाजात नव्हे, पण हुबेहूब बाबांच्या चालीत, तो म्हणाला, “‘गाडी ओढते नाही का हल्ली, ते बघा जरा.’ असं म्हणाले होते. शब्द अजून कानात आहेत माझ्या. मी रोज आठवून बघायचो. रोज मला तेच ऐकू यायचं.” त्याचे हात वर आले होते, त्याच्या नकळत. दोन मुठी स्टिअरिंगवर. हवेतली दोरी आपल्याकडे. आणि मग हात झटकला गेला.

गाडी. ओढते. नाही.

पलीकडे वर्कशॉपमध्ये कुणीतरी पाना खाली टाकला.

मी जिंकले होते. ढालीच्या वेळी जिंकल्यावर छातीत जे फुगलं होतं, त्याची मी वाट बघत होते. ते काही फुगेना.

“मॅडमना सांग,” तो म्हणाला. “आत्ताच सांग. बिल रद्द होईल.”

“आणि तुझं?”

त्याने फोनच्या वायरचा पीळ सोडवायला घेतला. “मी मुलाखतीला आलो तेव्हा आई सोबत होती. मी तिच्याशी हातांनी बोलताना मॅडमनी पाहिलं. म्हणाल्या, ‘अशा घरातला मुलगा फोनवर कसा चालेल?’ आमच्या सरांनी शब्द टाकला, म्हणून घेतलं.” वायरचा पीळ सुटला तरी त्याची बोटं थांबली नाहीत. “आई आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. कपड्यांचं माप घेता घेता. असं.” त्याने हात कानाशी नेला आणि मान ताठ केली. “माझा मुलगा फोनवर असतो.”

मी मुद्द्यांची वही मिटली.

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले.

“यात ‘नाही’ मधेच आलं,” तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता. “आमच्याकडे मधलं ‘नाही’ धरत नाहीत.”

“चेष्टा नको करू ना! मी तुझं नाव घेऊन जिंकणार नाही. दुसरा मुद्दा शोधेन. माझ्याकडे मुद्दे…”

“तुझे बाबा खोटं बोलत नव्हते,” तो म्हणाला. “आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून त्यांना खोटं पाडलं. तो मुद्दा तू नाही शोधायचास. तो माझा आहे.”

*

मी दुसरा मुद्दा शोधायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा बाबांना बोलावणं गेलेलं होतं आणि ते मॅडमसमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, अजून भांडण होईल या तयारीत. भांडण झालं नाही. स्टेपलर मॅडमनी बिल मधोमध फाडलं.

“चूक आमच्या मुलाची आहे. त्याने कबूल केलंय. चाकांचं अलाइनमेंट करून दिलंय, आता ओढणार नाही. क्लच बसलाय तो बसलाय, काढून काय करू?” मग जरा थांबून, काउंटरकडे न बघता, पण काउंटरला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “ऐकायची सवय घरातूनच लागावी लागते. ती नसेल तर आम्ही तरी काय शिकवणार?”

प्रशि फोनपाशी नव्हता. खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं होतं. तो भिंतीशी उभा होता, शर्टाची इस्त्री तशीच कडक, आणि मॅडमच्या ओठांकडे बघत होता. नेहमीसारखं, नीट, शेवटच्या शब्दापर्यंत. त्या क्षणी मला वाटलं, याने आयुष्यात एकदा तरी मान वळवावी.

“शनिवारी तुझे सर येतायत,” मॅडम त्याला म्हणाल्या. “आईवडिलांनाही घेऊन ये. ठेवायचं की नाही ते तेव्हाच ठरवू. तोवर गाड्या धू.”

बाबांना यातलं फारसं कानात गेलंच नाही. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू बिल नव्हे, कुणाचं आजारपण गेलं. ते सह्या करायला थांबले आणि मला म्हणाले, “तू गाडीत जाऊन बस, वकीलसाहेब.”

गाडी धुण्याच्या चौथऱ्यावर उभी होती. मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले, काचा वर केल्या. तो आला. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, पायात रबरी बूट, हातात पाण्याची नळी. पंप सुरू झाला आणि जगातले बाकीचे सगळे आवाज बुडून गेले. पाणी टपावरच्या पाटीवर पडलं, मग काचेवर, पुढून, बाजूने, सगळीकडून… आणि मी आत बसले होते, कोरडी, एका खोट्या पावसात, आणि काचेपलीकडे तो विरघळत होता.

मी काचेवर तळवा टेकवला. त्याने वर पाहिलं.

मी हात वर केले. मला फार थोड्या खुणा येत होत्या. तू. फोन. आणि मग, नाही. तिघांचा मिळून काय अर्थ होत होता देव जाणे. मला म्हणायचं होतं की फोन तुझाच आहे, मला माफ कर, मी आले नसते तर… एवढं सगळं माझ्या हातांत मावेना. मी रडत होते की काचेवरचं पाणीच माझ्या गालांवर दिसत होतं, त्यालाही कळलं नसावं.

त्याने नळी खाली ठेवली. पंप घुमतच होता. स्पंजने त्याने माझ्यासमोरच्या काचेवर एक गोल पुसला, ताटाएवढा. त्या गोलात तो पुन्हा स्पष्ट झाला. ओले केस, ओली कॉलर, आणि तेच बघणं.

मग त्याने स्वतःकडे बोट केलं. मी.

माझ्याकडे. तू.

आणि छातीवर मिटलेली मूठ ठेवली. ती उघडायला एवढा वेळ लागला… एवढा वेळ, की मधे माझा श्वास घ्यायचा राहूनच गेला. बोटं एकेक करून सुटी झाली. तळवा पूर्ण उघडला. त्याच्या मनगटावरून, बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

मी बघत राहिले. शेवटपर्यंत बघत राहावं लागतं. शेवटचं ‘नाही’ आलं की आधीचं सगळं पुसलं जातं.

ओला हात कुणीही झटकतो. विचार न करता. पाणी निथळायचं असतं म्हणून. त्याने तो झटकला नाही. तसाच छातीपाशी धरून ठेवला, थेंब कोपरापर्यंत ओघळू दिले, आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी सीटवर ताठ बसले. माझी मूठ छातीवर ठेवली. मला ती हळूहळू उघडायची होती, पण मी म्हणजे मी. ती एकदम उघडली, फटाका फुटावा तशी.

तेव्हा तो हसला. वार कुठला होता मला आजही आठवत नाही.

गोलावर पुन्हा पाणी ओघळलं. बाबा फाइल काखेत मारून येताना दिसले. त्याने नळी उचलली आणि मागच्या चाकांकडे गेला.

*

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा बाबा गाडीबद्दलच बोलत होते. गाडी सरळ जाते. हात सोडले तरी सरळ जाते. दोन्ही शिकाऊ बायका परत यायच्या म्हणतायत. “आणि क्लच काय झालाय सांगू? पाय ठेवला नाही का, तर लोणी! आपला जुना काय, शिकाऊंनी पार खाऊन टाकला होता. बदलायचाच होता कधीतरी, नाही का. बरं झालं, फुकटात झाला.”

आई त्यांना वाढत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “आणि ज्याची चूक होती तो मुलगा?”

“गाड्या धुतोय बहुतेक. शिकेल. ऐकायला शिकलं पाहिजे नाही का माणसानं.”

मी थंड पाण्याचा, बाहेरून ओला झालेला पेला खाली ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला, हे मला ठेवल्यावर कळलं.

“बाबा,” मी म्हणाले, “मी काहीतरी ठरवलंय. आधी सगळं ऐकून घ्या.”

“बोला, वकीलसाहेब.”

“फोनवर तुम्ही म्हणालात, ‘गाडी ओढते नाही का हल्ली.’ हो ना?”

“हो. मग? तेच तर म्हणालो!”

“पुन्हा एकदा म्हणा. जोरात.”

“गाडी ओढते नाही का…” बाबा म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने वाढायचं थांबवलं होतं. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी ओठांतल्या ओठांत, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. “…अरे देवा.”

“त्याला कमी ऐकू येत नाही. आपल्या तिघांपेक्षा नीट ऐकतो तो. त्याने तुमचा एकेक शब्द धरला, तोही, जो आम्ही कधीच सोडून दिला होता.” माझा आवाज थांबत नव्हता. “शनिवारी तिथे त्याचे सर येणार आहेत. आईबाबाही येणार आहेत, त्यांना ऐकू येत नाही. सगळ्यांसमोर ठरणार आहे की तो राहणार की जाणार. मी जाणार आहे. तुम्हीही माझ्याबरोबर याल, आणि फोनवर बोललात ते मॅडमना तसंच्या तसं बोलून दाखवाल. शेपटासकट. क्लच आपल्याला लागणारच होता, तर क्लचचे पैसे आपण द्यायचे, हप्त्याने का होईना. मजुरी त्यांची. मी शाळेच्या सहलीला जात नाहीये, ते पैसे पहिल्या हप्त्याला घ्या.”

बाबा ताटाकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती, सुई लावायच्या आधी शीर शोधते तशी.

“एवढं सगळं,” ती शांतपणे म्हणाली, “त्या मुलासाठी?”

“एवढं सगळं खरं आहे म्हणून,” मी म्हणाले. “आणि त्याच्यासाठीही. मी तुमच्यापासून लपवणार नाही, तेही ठरवलंय. मला तो आवडतो.”

बाबांनी मान वर केली आणि वाट बघत राहिले. आमच्या घरात प्रत्येक वाक्याला पुढे काहीतरी असतंच.

मी ओठ मिटून घेतले. हात ताटाशेजारी उघडा ठेवला, तसाच, ओला, आणि तो झटकला नाही.